वारा तोंडावर : एक प्रस्तावना

महाशिवरात्रीची व्याधाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीत पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायात ती आहे, आणि ज्या घरात पोथी लागते तिथल्या आजीला ती तोंडपाठ असते. दिवसभर काही हाती न लागलेला उपाशी व्याध संध्याकाळी तळ्याकाठच्या बेलावर चढून बसतो. समोरचं नीट दिसावं म्हणून आड येणारी पानं खुडतो आणि खाली टाकतो. खाली शिवलिंग असतं. कीर्तनकार इथे क्षणभर थांबतात, टाळ वाजतो, आणि नकळत घडलेल्या पूजेकडे श्रोते वळतात. माझं मन मात्र दरवेळी त्या खुडलेल्या पानांतच अडकतं. बाण सुटायला मोकळी फट लागते, आणि ती सावज यायच्या आधी करून ठेवावी लागते, हे त्या माणसाला ठाऊक होतं. अमेरिकेतला हरणाचा शिकारी उन्हाळा सरता सरता हातकरवत घेऊन झाडावर चढतो आणि नोव्हेंबरसाठी अगदी हेच करून ठेवतो.

व्याधाने बाकीही बरंच काही बरोबर केलं होतं. अंधार पडायच्या आत तो चढला. पाण्यावर बसला. उंच बसला, एकटा बसला. एकच गोष्ट पोथी सांगत नाही, ती म्हणजे वारा कुठून होता. दिवसभर रानात वणवण केलेला घामेजलेला माणूस. त्याच्या अंगावरून वारा तळ्याकडे जात असता तर हरिणी पाण्याला तोंड लावायच्या कितीतरी आधी उधळली असती. ती आली, बोलली, घरी जाऊन येते म्हणून वचन देऊन गेली. म्हणजे वारा तळ्याकडून झाडाकडे होता, हे गोष्टीवरूनच सिद्ध होतं. (कीर्तनकारांनी रागावू नये. भक्तिभावाला यात कुठे धक्का नाही.)

पाण्यावर बसण्याची आपली दुसरी गोष्ट इतकी सुखान्त नाही. शरयूकाठी अंधारात बसलेल्या दशरथाने घागर बुडण्याचा आवाज ऐकला, जनावर पाणी पितंय असं समजून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. जागा अचूक, नेम अचूक, समोर काय आहे ते मात्र पाहिलेलं नाही. आजही शिकारीचा परवाना देणाऱ्या देशांत नवशिक्याला जे पहिल्या दिवशी घोकवतात, ते हेच: सावज ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापाकडे न्यायचं नाही. जर्मनीत शेताच्या बांधावर, रानाच्या कडेला लाकडी उंच चौक्या दिसतात. त्यांना होखझिट्स म्हणतात. त्या नुसत्या लांबचं दिसावं म्हणून उंच नसतात. वरून खाली झाडलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते, पलीकडच्या गावात नाही. मचाणाची उंची हा सभ्यपणाचाही भाग असतो.

तर हे पुस्तक बसण्याबद्दल आहे. हरणाची वाट बघत नेमकं कुठे बसायचं, आणि का. यात लिहिणारी माणसं एकमेकांच्या पंगतीला क्वचितच बसतील अशी आहेत. वनरक्षक आहेत, पिकाची जागल करणारे शेतकरी आहेत, छायाचित्रकार आहेत, अमेरिकेत घर केलेले आणि तिथे कायदेशीर परवाना काढून शिकार करणारे दोन मराठी गृहस्थ आहेत, आणि शिकारबंदीचा कायदा येण्याआधीच्या काळात बंदूक घेऊन हिंडलेले, आता नव्वदीत असलेले एक आजोबा आहेत. मी यांपैकी कोणीच नाही. उन्हाळ्यातल्या पंचवीस-एक रात्री मचाणावर काढल्या, त्यांतल्या निम्म्या वाया घालवल्या, एवढ्याच भांडवलावर संपादकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली.

आधी शब्द. मचाण म्हणजे झाडावर किंवा खांबांवर बांधलेली बसायची जागा. शेतात ज्वारी-बाजरीवर उभं राहून गोफण फिरवायला असतो तो माळा. तो दिसावा म्हणूनच असतो, कारण त्याचं काम पाखरांना धाक घालण्याचं. लपण जमिनीवरचं, काट्याकुट्यांच्या आडोशाचं किंवा खड्ड्यातलं. आणि विदर्भात रात्रीच्या राखणीला म्हणतात जागल. चारही ठिकाणी माणूस वाट बघतच असतो, पण माळ्यावरचा माणूस ओरडतो आणि मचाणावरचा श्वासही जपून घेतो. पुस्तकातला एक शेतकरी म्हणतो की त्याला एकाच रात्रीत दोन्ही करावं लागतं: आधी गप्प बसून कळप कुठून शिरतो ते बघायचं, मग डबा बडवायचा.

‘हरीण’ हा आपला शब्दही फार ऐसपैस आहे. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगं जन्मभराची, कूळ वेगळं. आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, आणि बोलण्यापुरतं ते चालतं. बसायला निघालात की चालत नाही. चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, ते कळपाने येतं, सकाळ-संध्याकाळ हिंडतं आणि दिवसा वानरांच्या झाडाखाली रेंगाळतं, कारण वानर खातं थोडं आणि खाली टाकतं फार. सांबर रात्रीचं, दाट रानातलं, चिखलात लोळणारं, खाऱ्या मातीच्या चाटणावर येणारं. भेकर एकटंदुकटं, जाळीच्या कडेकडेने. काळवीट तर माळरानावरचं. रेहेकुरीच्या किंवा नान्नजच्या मोकळ्या माळावर मचाण बांधलंत तर दोन कोसांवरून सगळ्यांना दिसाल. म्हणून जुन्या काळी काळविटासाठी कोणी झाडावर चढत नसे. बैलगाडीच्या आडोशाने चालत जवळ सरकायचे, कारण बैलगाडी त्या माळाला रोजची होती. जनावर बदललं की बसण्याची अख्खी विद्या बदलते. ‘हरणासाठी चांगली जागा कोणती’ असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्याला आमचे आजोबा उत्तरच देत नाहीत, पान लावत बसतात.

जागा कशी चुकते हे मी एकदा पुरतं शिकलो. ती गोष्ट सांगतो, कारण पुस्तकातली अर्धी चर्चा तिच्यात येऊन जाते.

सातपुड्यातलं रान, वैशाखी पौर्णिमा, पाणवठ्यावरची जनावरांची गणना. नाल्यात एक डोह उरला होता. बसण्याजोगी झाडं दोन: एक उतारावर, डोहाच्या बरंच वर, तिथून पाणी, अलीकडची वाट, पलीकडचा काठ सगळं तळहातावर असल्यासारखं दिसायचं. दुसरं नाल्याच्या खालच्या अंगाला, वाकडं, अर्धा डोह फांद्यांनी झाकलेला. बरोबरच्या कोरकू वनमजुराने खालचं झाड दाखवलं. मी वरचं धरलं. तो वयाने मोठा, पण मी शहरातून आलेला पाहुणा. त्याने वाद घातला नाही. वाटेत रुईचं एक उकललेलं बोंड मात्र खुडून त्याने खिशात टाकलं.

दुपारी चारला आम्ही वर बसलो. त्याने बोंडातली एक म्हातारी काढून हातावरून सोडली. ती आमच्या तोंडावरून वर चढली, उताराने डोंगराकडे गेली. मी खूश झालो. तो म्हणाला, “आत्ता ठीक आहे साहेब. दिवेलागणीला बघा.” दिवेलागणीला त्याने दुसरी म्हातारी सोडली. ती जरा घुटमळली, मग खाली बसल्यासारखी झाली आणि नाल्याच्या उताराने संथपणे, एखाद्याने दोरीने ओढून न्यावी तशी, थेट डोहाकडे निघाली. उन्हाने तापलेल्या उतारावरची हवा दिवसा वर चढते. ऊन गेलं की तीच हवा गार होऊन जड होते आणि पाणी वाहतं त्याच वाटेने खाली उतरते. मला हे पुस्तकातून माहीत होतं. त्याला ते रुईच्या म्हातारीतून माहीत होतं, आणि त्याने ते दुपारीच ओळखलं होतं.

थोड्या वेळाने चितळं आली. बारा-पंधरा असतील. पुढची मादी डोहापासून चाळीसेक पावलांवर थांबली. तिने मान वर केली नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. नाकपुड्या हलल्या. मग पुढचा एक पाय उचलून तिने जमिनीवर आपटला, शेपटी उभी केली, एकच तीक्ष्ण हाक दिली, आणि डोह पुन्हा रिकामा झाला. डास चावू नयेत म्हणून मी हातापायांना मलम चोपडलं होतं, त्याचा वास मला स्वतःलाच येत होता. रात्री दोनच्या पुढे सांबराचा ठणठणीत आवाज पलीकडून दोनदा आला. बाकी काही नाही. सकाळी गणनेच्या कागदावर चितळाच्या रकान्यात तो वनमजूर काय लिहू म्हणून माझ्याकडे बघत राहिला. पाणी पिऊन गेलेली चितळं शून्य होती. पण रानात चितळं नव्हती असं थोडंच होतं?

आपल्याला कुठून छान दिसेल हे बघत मी झाड निवडलं होतं. आपण कुठून कळणार नाही, हे तो बघत होता. या पुस्तकातले सगळे चांगले लेख माझ्या मते या एका फरकाभोवती फिरतात, मग लेखकाच्या हाती बंदूक असो, कॅमेरा असो की कोरा कागद. हरणाच्या डोळ्यांची भीती आपल्याला उगाच जास्त वाटते. त्याला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत; म्हणून तर अमेरिकेत शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती करता येते. ते माणसांना लांबून दिसतं, हरणाला करडं-मळकट वाटतं. (व्हिस्कॉन्सिनने २०१६ पासून भडक गुलाबीलाही परवानगी दिली आहे.) हालचाल दिसते, आवाज ऐकू येतो. पण डोळ्यांनी किंवा कानांनी काही जाणवलं तर हरीण थांबून खात्री करून घेतं. नाकाने सांगितलं की खात्रीबित्री नाही.

बसण्याच्या जागेबद्दल जगभर ढोबळमानाने तीन मतं चालतात: पाण्यावर बसा, खाण्यावर बसा, नाहीतर वाटेवर बसा. आपल्याकडे पहिल्याचं वर्चस्व आहे आणि त्याचं कारण आपला उन्हाळा. मार्चपासून नाले आटत जातात, मेपर्यंत मैलोगणिक एखादा डोह उरतो आणि सगळं रान तिथे गोळा होतं. अशा वेळी जागा शोधायची गरजच नसते, ती आटत आटत आपल्यासमोर येते. वैशाखी पौर्णिमेची गणना याच हिशेबावर उभी राहिली: चांदणं सर्वांत उजळ, पाणी सर्वांत कमी. पण याच सोपेपणामुळे आपण वाट वाचायला विसरलो, अशी पुस्तकातल्या एका वनरक्षकाची तक्रार आहे, आणि मला ती पटते. पहिला वळीव पडला, खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचलं, की पाण्यावर बसणाऱ्याची विद्या एका रात्रीत निकामी होते.

खाण्यावर बसणारे आपल्याकडे मोहाच्या दिवसांत दिसतात. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटपतात, आणि चितळ, सांबर, भेकर, अस्वल सगळी तिथे येतात. पुढे आवळा, बेहडा, बोरं. यात अडचण अशी की झाड दर आठवड्याला बदलतं. आज ज्या मोहाखाली सडा आहे त्याखाली आठ दिवसांनी काही नसतं.

वाटेवर बसणं सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत देखणं. हरीण मन मानेल तसं हिंडतं हा आपला भ्रम आहे. निजायच्या जागेपासून खाण्यापर्यंत आणि तिथून परत, ते कमीत कमी कष्टाची आणि जास्तीत जास्त आडोशाची वाट धरतं. दोन टेकड्यांमधली खिंड, नाल्याचा उथळ उतार, कुंपणाची पडलेली तार, शेत आणि रान जिथे चिंचोळं होऊन भेटतं ती जागा: चारी बाजूंनी येणाऱ्या वाटा तिथे एकत्र येतात. लेंड्या, खुरांचे ठसे, शिंगं घासून साल सोललेली झाडं यांवरून ही वाट वाचता येते. फासेपारध्यांची सारी कला याच वाचनावर उभी होती. फास लावायला जागा हातभर चुकून चालत नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला, माणसांच्या मनातून अजून नाही. त्यामुळे ज्यांना रानातली वाट सर्वांत चांगली वाचता येत होती त्यांचं ज्ञान कोणी विचारून लिहून घेतलं नाही. या संग्रहातही ते दुसऱ्यांच्या तोंडून येतं. ही उणीव संपादकांनी मोकळेपणाने कबूल केली आहे.

आता अमेरिकेकडे वळायला हवं, कारण बसून हरीण मारण्याचं शास्त्र आज जिथे सर्वांत जास्त घोटलं जातं तो देश तो. तिथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. पळताना शेपटी उभारलेल्या पांढऱ्या निशाणासारखी दिसते. विसावं शतक उजाडलं तेव्हा बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे ती देशभरात अंदाजे पाच लाखांवर आली होती. मग कायदे आले. १९०० चा लेसी कायदा बेकायदा मारलेल्या जनावरांच्या राज्याराज्यांतल्या व्यापाराविरुद्ध, आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, ज्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. व्हिस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणारा, स्वतः शिकारी असलेला आल्डो लिओपोल्ड याने १९३३ मध्ये ‘गेम मॅनेजमेंट’ लिहून या कारभाराला शास्त्राची बैठक दिली. आज तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं तीन कोटींच्या घरात मानली जातात. आपल्याला हे उलटं वाटतं, की मारणाऱ्यांच्या पैशाने जनावर वाढलं. पण मोठे लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून आधीच संपवलेले, मक्याची शेतं रानाला लागून. मग हरणांना आवर घालायला माणूसच उरला. पुस्तकातले आपले दोन अमेरिकावासी याच मुद्द्यावर एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण कापून न टाकल्याबद्दल संपादकांचे आभार.

तिथे पाणी जागोजागी, म्हणून पाण्यावर बसण्याला फारसा अर्थ नाही. वाद असतो तो खाणं की वाट, आणि त्याहून तिखट वाद म्हणजे हरणाच्या निजायच्या जागेच्या किती जवळ जायचं हा. लांब बसलं तर ते उजेडात पोचतच नाही. जवळ गेलं तर उठून कायमचं निघून जातं. नोव्हेंबरात नर माजावर येतो, तेव्हा रोजची शिस्त मोडून माद्यांच्या मागे हिंडतो. ते थोडे दिवस चिंचोळ्या वाटेवर बसणाऱ्याचे. (आपलं चितळ माजावर येतं ते ऐन उन्हाळ्यात, म्हणून तिथलं कोष्टक इथे उचलून आणू नये.) व्हिस्कॉन्सिनमधला बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नऊ दिवसांचा असतो, आणि त्या नऊ दिवसांत गावाचं तोंड रानाकडे असतं. आपल्याकडच्या वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवरच्या गावाचं असतं तसं.

माझा भाचा तिथे राहतो. त्याच्या शेजाऱ्याने मला आपलं मचाण दाखवलं. झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, वर खुर्चीएवढी जागा, आणि जमिनीपासून वरपर्यंत बांधलेला दोर, ज्यात अंगावरचा पट्टा अडकवूनच पहिलं पाऊल टाकायचं. तिथे मचाणावरून पडून माणसं मरतात, म्हणून हे प्रशिक्षणातच शिकवतात. मी म्हटलं, झाड छान आहे. तो म्हणाला, झाड नंतर बघ, आधी माझी वाट बघ. घरापासून ते झाड सरळ रेषेत दहा मिनिटांवर होतं. तो मात्र कुंपणाच्या कडेने, ओढ्यातून, अर्ध्या तासाचा वळसा घेऊन जायचा, म्हणजे हरणांची वाट त्याच्या पायाने एकदाही ओलांडली जाऊ नये. आणि वारा चुकीचा असेल त्या दिवशी तो जातच नसे, मग सुट्टी असो की नसो. वारा बघायला त्याच्याकडे पावडरची बाटली होती, पण खिशात एक सुकं बोंडही होतं. त्याने ते फोडून दाखवलं. त्यातून निघाली ती म्हातारीच. आपल्या रुईच्याच कुळातलं तिथलं एक झुडूप असतं, तिथले शिकारी त्याचा कापूस वापरतात. पावडर दोन हातांवर विरते, कापूस लांबपर्यंत दिसतो, असं तो म्हणाला. सातपुड्यातला वनमजूर आणि तो एकमेकांना कधी भेटणार नाहीत. मला मात्र त्या क्षणी दोघं एकाच आळीतले वाटले.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेने आली. कौटिल्याने शिकारीला राजाच्या व्यसनांत घातलं, पण द्यूतापेक्षा बरं म्हटलं, कारण तिच्यात व्यायाम होतो आणि जनावरांच्या मनाची ओळख होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगया तपशिलाने येते. पुढे संस्थानांत आणि साहेबांच्या काळात थाट होता तो हाकाऱ्याचा: शे-दोनशे माणसं ढोल बडवत रान हाकणार आणि जनावर मचाणासमोर आणून देणार. कोल्हापूरकरांनी तर पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले. या सगळ्यात बसणाऱ्याला जागेची अक्कल लागतच नव्हती. ती हाकेकऱ्यांच्या म्होरक्याला असायची. साहेब लिहून ठेवायचा, म्होरक्याला लिहिता येत नसायचं. शिकारकथांच्या कपाटभर पुस्तकांत म्हणूनच नेम सापडतो, जागा क्वचित सापडते.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली दारंही मिटली. ते योग्यच झालं, यावर माझ्या मनात शंका नाही. पण बंदुकीबरोबर बसण्याची विद्याही अडगळीत गेली. ती मराठीत थोडीफार टिकली ती बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचललेल्या व्यंकटेश माडगूळकरांमुळे, आणि वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढून रानाचे शब्द गोळा करणाऱ्या मारुती चितमपल्लींमुळे. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांच्या माघारी या विषयावर एवढं सविस्तर मराठी पुस्तक यावं, ही गोष्ट त्यांना आवडली असती असं आपलं मला वाटतं.

आता याची गरज काय, असं विचारणारे असतील. हरीण मारायचं नाही तर जागा कशाला शोधायची? व्याघ्रगणनेतला स्वयंचलित कॅमेरा घ्या. रानाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात वाटेच्या दोन अंगांना कॅमेऱ्यांची जोडी लावतात. चौकोन नकाशावर पाडता येतो. त्यातली नेमकी वाट पायांनीच शोधावी लागते. कॅमेरा म्हणजे माणूस नसलेलं मचाण. १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ छापणाऱ्या चॅम्पियन नावाच्या छायाचित्रकाराने तारेचा सापळा लावून रात्री वाघाकडूनच त्याचा फोटो काढवून घेतला, तेव्हा त्याच्यापुढेही प्रश्न हाच होता. दुसरीकडे, सौर पंपावर चालणारे पाणवठे रानोरान झाले. जनावरांची तहान भागली, पण पाण्याच्या जुन्या वाटा विस्कटल्या. तीस वर्षांपूर्वी हमखास असलेली जागा आज ओस पडते आणि नवी कुठली ते कोणी नीट मांडलेलं नाही. आणि शेतकरी आहेच. रानाला लागून तूर-हरभरा पेरणाऱ्याला रोही, रानडुक्कर, चितळ रात्री कुठून शिरतात हे कळलं तर अख्ख्या बांधाऐवजी तेवढी फट बुजवता येते. या विषयावरचा लेख पुस्तकात सर्वांत कोरडा आहे आणि सर्वांत उपयोगाचा.

छायाचित्रकारांवर मात्र मी नाराज आहे, आणि ते मी संपादकांना सांगितलं आहे. त्यांच्या लेखांत पाण्याच्या अगदी तोंडाशी बांधलेली लपणं फार आहेत. चित्र सुंदर येतं, हरीण मात्र तहानलेलं परततं. एकाच जागी रोज माणूस बसला की जनावरं ती जागा टाळू लागतात, हे शिकाऱ्याला ठाऊक असतं, कारण त्याचं नुकसान होतं. फोटो मिळालेल्याला ते कळतच नाही. उन्हाळ्यात एकुलत्या डोहावर लपण घालू नये, हे पुस्तकाने ठळक अक्षरांत छापायला हवं होतं.

पुस्तकाचा घाट मला आवडला. ते जागांची यादी देत नाही, कुठल्या अभयारण्यात कुठल्या झाडावर बसावं असं सांगत नाही. प्रत्येक लेखकाने एक जागा घेतली आहे आणि ती आपण का निवडली, कशी चुकली, पुढच्या खेपेला किती पावलं सरकवली हे सांगितलं आहे. चुकलेल्या जागा जास्त आहेत. नकाशे हाताने काढलेले आहेत आणि प्रत्येकावर वाऱ्याचे दोन बाण आहेत, एक दुपारचा, एक रात्रीचा. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी: आधी दोन बाण बघावेत, मग झाड शोधावं, आणि मग लेखकाने कुठलं निवडलं ते वाचावं.

एक लेख मी तीनदा वाचला. तो मोह वेचणाऱ्या एका बाईंनी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला आहे. त्या कधी मचाणावर बसलेल्या नाहीत. फुलांच्या दिवसांत पहाटे, हरणं निघून जातात न जातात तोच, त्या झाडाखाली पोचतात, टोपली ठेवतात आणि वाकण्याआधी एकदा सड्याकडे बघतात. कुठल्या अंगाची फुलं खाल्ली गेली आणि कुठल्या अंगाची तशीच पडली आहेत, यावरून रात्री कळप कुठून आला, किती वेळ थांबला आणि कशाला बिचकून निघून गेला ते त्या सांगतात. न खाल्लेली फुलं बहुतेकदा गावाकडच्या बाजूला असतात. त्या तिथून वेचायला सुरुवात करतात.